घाटात नॉक मारणारी कार्बोरेटरची मारुती ८००: पेट्रोल नेमकं कुठे कमी पडतंय ते शोधण्याची पद्धत

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. सपाट रस्त्याला गाडी बरी चालते, पण चढ लागला आणि चौथ्या गिअरमध्ये ४०-४५ च्या वेगाने ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा बारीक टणटण आवाज येतो. पाय उचलला की आवाज तत्काळ बंद. यालाच नॉक मारणं किंवा नॉकिंग म्हणतात. गॅरेजमध्ये कार्बोरेटर साफ करून दिला जातो, स्क्रू फिरवला जातो, नवे प्लग पडतात. आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि पुढच्या घाटात पुन्हा तेच.

पुन्हा तेच होण्याचं मुख्य कारण असं की स्क्रू फिरवला जातो एका वाटेचा आणि बिघाड असतो दुसऱ्या वाटेत. कार्बोरेटरच्या बुडाशी असलेला मिक्श्चर स्क्रू फक्त आयडलिंगचं, म्हणजे स्लो रनिंगचं पेट्रोल ठरवतो. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) पूर्ण उघडल्यावर पेट्रोल येतं ते मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) आणि लोडवर जास्तीचं पेट्रोल सोडणाऱ्या पॉवर व्हॉल्व्हमधून. तो स्क्रू दोन वेढे उघडला तरी घाटातल्या मिश्रणात जवळजवळ काहीच बदल होत नाही. हवा-पेट्रोलचं मिश्रण कधी लीन होतंय (पेट्रोल कमी पडतंय), आयडलिंगला, अर्ध्या थ्रॉटलला की पूर्ण लोडवर, हे आधी ठरवा. त्यावरून बिघाडाची जागा निम्म्याहून जास्त कळते.

पुढचं सगळं एफ८बी इंजिनाला धरून आहे: ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बोअर ६८.५ आणि स्ट्रोक ७२ मि.मी., कॉम्प्रेशन ८.७ ला १. कार्बोरेटरच्या मारुती ८०० मध्ये आणि जुन्या ओम्नीमध्ये हेच इंजिन आहे. इतर जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांनाही क्रम हाच लागू पडतो, आकडे मात्र त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावेत.

आवाज नॉकिंगचाच आहे ना

टॅपेटची टिकटिक आयडलिंगलाही ऐकू येते आणि आरपीएमबरोबर वाढते, लोडशी तिचा फारसा संबंध नसतो. एक्झॉस्ट मनीफोल्डचं पॅकिंग गेलं असेल तर थंड इंजिनाला चकचक आवाज येतो आणि धातू तापून फुगला की तो कमी होतो. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग जड, खोल ठोका देतं आणि ॲक्सिलरेटर सोडतानाही ऐकू येतं. खरं नॉकिंग लोडला बांधलेलं असतं. इंजिन गरम, आरपीएम कमी, थ्रॉटल जास्त, अशा वेळीच ते येतं आणि गिअर एक खाली घेतला की कमी होतं किंवा जातं. सायलेन्सरवरचा सैल पत्राही नेमका त्याच आरपीएमला थरथरतो, तेवढा आधी हाताने हलवून बघा (सायलेन्सर थंड असताना).

खात्री होईपर्यंत गाडी त्या आवाजात ओढत नेऊ नका. नॉकिंगमध्ये ठिणगीने पेटलेली ज्योत पोचण्याआधीच सिलिंडरच्या कडेचं मिश्रण आपोआप भडकतं. तो दाबाचा धक्का पिस्टनच्या रिंगांमधली जागा फोडतो आणि हेडचं पॅकिंग जाळतो. गिअर खाली घ्या, पाय हलका ठेवा.

चोक ओढून बघण्याची चाचणी

या गाडीला डॅशबोर्डवर हाताने ओढायचा चोक (हवा अडवून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी झडप) आहे आणि निदानासाठी त्याच्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही. रहदारी नसलेला एक ठरावीक चढ निवडा. इंजिन पूर्ण गरम करा, नेहमीच्या गिअरमध्ये नॉकिंग येऊ द्या आणि शेजारी बसलेल्याला चोक पाव भाग ओढायला सांगा. चोक पूर्ण ओढायचा नाही, पावच.

आवाज गेला आणि गाडी जोरात ओढू लागली, तर लोडवर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की. आवाज गेला पण ओढ वाढली नाही, उलट गाडी जड झाली, तर मिश्रण आधीच ठीक होतं. जास्तीच्या पेट्रोलाने सिलिंडर थंड झाला म्हणून आवाज दबला, एवढंच. अशा वेळी टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), कार्बन किंवा उष्णता बघायची. काहीच फरक पडला नाही, तर टायमिंग खूप पुढे असण्याची, म्हणजे ठिणगी फार लवकर पडण्याची शक्यता सर्वांत मोठी. "चोकने आवाज गेला, म्हणजे मिश्रण लीन" हा निष्कर्ष अर्धवट आहे. चोकचा परिणाम ओढीवर काय झाला, तेही बघावंच लागतं.

कार्बोरेटर उघडण्याआधी टायमिंग

टायमिंग तपासायला वीस मिनिटं लागतात, कार्बोरेटरला अर्धा दिवस. म्हणून क्रम हाच ठेवावा.

पॉइंटच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग, गॅरेजच्या भाषेत डेल्को) आधी पॉइंटचा, म्हणजे उघडझाप करणाऱ्या संपर्कांचा गॅप बघा: ०.४ ते ०.५ मि.मी. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं. नवे पॉइंट अंदाजाने मोठ्या गॅपवर बसवले आणि टायमिंग पुन्हा लावलंच नाही, हे नॉकिंगचं अगदी नेहमीचं कारण आहे. गॅप आधी आणि टायमिंग नंतर. उलट क्रमाने केलं तर टायमिंग लावूनही ते बिघडतं.

व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (व्हॅक्यूमने टायमिंग पुढे नेणाऱ्या डब्याची) नळी काढून तिचं टोक बंद करा. आयडलिंग मॅन्युअलप्रमाणे ठेवून टायमिंग लाइटने खूण बघा. नंतर आरपीएम हळूहळू ३००० पर्यंत न्या. खूण सावकाश आणि एकसारखी पुढे सरकली पाहिजे. आयडलिंगच्या जरासं वर जाताच ती उडी मारत असेल तर आरपीएमप्रमाणे टायमिंग पुढे नेणाऱ्या आतल्या वजनांच्या स्प्रिंगा सैल पडल्या आहेत किंवा एखादी तुटली आहे. तसं असेल तर आयडलिंगला टायमिंग बरोबर दिसतं, पण कमी आरपीएमच्या चढावर ते कितीतरी पुढे गेलेलं असतं. अशा डिस्ट्रिब्युटरला बाहेरून फिरवून मागे आणणं हा इलाज नाही, कारण मग सपाटीला गाडी मरगळते. स्प्रिंगाच बदलायला हव्यात.

नॉकिंग पूर्ण थ्रॉटलला नसून अर्ध्या थ्रॉटलला येत असेल तर संशय व्हॅक्यूम ॲडव्हान्सवर घ्या. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मनीफोल्डचा व्हॅक्यूम जवळपास शून्य होतो आणि तो डबा काम करत नाही. अर्ध्या थ्रॉटलला मात्र करतो. त्याची नळी काढून, बंद करून त्याच चढावर न्या. आवाज गेला तर नळी चुकीच्या तोंडाला जोडली आहे का ते बघा: ती कार्बोरेटरवरच्या तोंडाला हवी, थेट मनीफोल्डला नको.

सगळं बरोबर असूनही आवाज राहिला तर चाचणीपुरतं टायमिंग दोन अंश मागे घ्या. यापेक्षा जास्त मागे घेऊन आवाज लपवू नका. टायमिंग फार मागे गेलं की इंजिन आणि एक्झॉस्ट दोन्ही तापतात.

गाडीला सीएनजी किट असेल तर इथे विशेष लक्ष द्या. गॅस हळू जळतो म्हणून किट बसवणारे टायमिंग काही अंश पुढे ठेवतात. त्याच टायमिंगवर गाडी पेट्रोलवर घातली की चढाला नॉक होणारच. सीएनजी आणि पेट्रोलला वेगळं टायमिंग देणारा प्रोसेसर नसेल तर पेट्रोलचं टायमिंगच कायम ठेवा आणि सीएनजीवर थोडी कमी ओढ मान्य करा. महिनोन्महिने फक्त गॅसवर चाललेल्या गाडीत कार्बोरेटरचे डायफ्राम सुकतात आणि जेटमध्ये चिकटा बसतो, तेही लक्षात असू द्या.

लोडवर लीन: टाकीपासून जेटपर्यंत

चोकच्या चाचणीने लीन ठरलं असेल तर खरं काम इथे आहे. पूर्ण लोडवर इंजिनाला साधारण १२.५ ते १३ ला १ (वजनाने हवा ते पेट्रोल) असं समृद्ध, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं मिश्रण लागतं. जास्तीचं पेट्रोल वाफ होताना आतली उष्णता शोषतं. तेच मिश्रण १४.५ च्या आसपास गेलं की तापमान चढतं आणि नॉकिंग सुरू होतं. आणखी लीन झालं तर नॉकिंगऐवजी मिसिंग आणि धक्के येतात.

पहिला प्रश्न: पेट्रोल फ्लोट चेंबरपर्यंत (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्यापर्यंत) पोचतंय का? या कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरला छोटी काच असते आणि तिच्यावर गोल खूण. आयडलिंगला पातळी त्या खुणेवर दिसली पाहिजे. पण खरी परीक्षा चढावरची. नॉकिंग चालू असताना गाडी सुरक्षित जागी कडेला घ्या, इंजिन लगेच बंद करा, बॉनेट उघडा आणि काच बघा. पंप इंजिनावर चालतो, त्यामुळे इंजिन बंद केल्यावर चेंबर फारसा भरत नाही. गाडी सपाट जागी उभी नसेल तर पातळी तिरकी दिसेल, त्याचा हिशेब धरा. पातळी खूप खाली असेल तर दोष कार्बोरेटरच्या आधी आहे: टाकी, पाइप, फिल्टर, पंप किंवा निडल व्हॉल्व्ह (चेंबरमध्ये येणारं पेट्रोल उघडझाप करणारी सुई). पातळी ठीक असेल तर दोष पुढे, म्हणजे जेट आणि पॉवर व्हॉल्व्हमध्ये. या एका नजरेने अर्धं काम वाचतं. बहुतेक ठिकाणी हे कोणी करत नाही, याचं वाईट वाटतं.

पातळी खाली असेल तर हा क्रम घ्या:

१. टाकीचं झाकण सैल करून तोच चढ घ्या. आवाज गेला, किंवा झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला, तर झाकणाचं हवेचं भोक बंद आहे.

२. पंपाची बाहेर जाणारी नळी कार्बोरेटरच्या टोकाला काढून मोजपात्रात धरा. फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलवर इंजिन अर्धा मिनिट आयडलिंगला चालतं. ३७ बीएचपीच्या आसपासच्या या इंजिनाला पूर्ण लोडवर मिनिटाला सुमारे १८० मिली पेट्रोल लागतं, म्हणून अर्ध्या मिनिटात निदान १५० मिली तरी पडलं पाहिजे. धार तुटक आणि बुडबुड्यांची असेल तर पंपाच्या आधी कुठेतरी हवा शिरते आहे. हे काम मोकळ्या हवेत, अग्निशामक जवळ ठेवून आणि एक्झॉस्ट मनीफोल्डपासून नळी लांब धरून करा.

३. टाकी ते पंप या भागातल्या रबरी नळ्या वाकवून बघा. हा ओढणारा भाग आहे. इथली चीर पेट्रोल गळवत नाही, हवा ओढते, म्हणून जमिनीवर डाग दिसत नाही आणि दोष सापडत नाही. क्लिपा नव्या घाला.

४. फिल्टर बदला, बाणाची दिशा इंजिनाकडे. काढलेला फिल्टर उलटा करून पांढऱ्या कापडावर झटका. तांबूस भुकटी पडली तर टाकी गंजते आहे. टाकी उतरवून धुतल्याशिवाय कार्बोरेटर कितीही साफ केला तरी दोन आठवड्यांत पुन्हा बुजणार. वारंवार येणाऱ्या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं.

५. निडल व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती विसरली जाते. जाळी काढून, फुंकून परत बसवा, फेकू नका.

पातळी ठीक असूनही लीन असेल तर कार्बोरेटरचा वरचा भाग उघडा. मेन जेट काढून उजेडाकडे धरा. साफ करायला कार्बोरेटर क्लीनर आणि कंप्रेसरची हवा, तार अजिबात नको. पितळ मऊ असतं, एका ओरखड्याने भोकाचं माप बदलतं. पॉवर व्हॉल्व्हचा पिस्टन बोटाने दाबून बघा, तो मोकळा खाली-वर झाला पाहिजे. व्हॅक्यूम कमी झाला की तो खाली येऊन जास्तीचं पेट्रोल सोडतो. वरच अडकून राहिला तर गाडी सपाटीला उत्तम आणि चढाला लीन, म्हणजे हुबेहूब हीच तक्रार. गॅरेजमध्ये कार्बोरेटर नुसता बाहेरून फवारून साफ केला तर हा पिस्टन तसाच अडकलेला राहतो.

रिपेअर किटमधले जेट बसवण्याआधी जुन्यांवरचे आकडे लिहून ठेवा. प्रायमरी आणि सेकंडरीचे (कार्बोरेटरच्या पहिल्या आणि दुसऱ्या नळकांड्याचे) जेट अदलाबदल झाले तरी गाडी चालू होते आणि आयडलिंगला काहीच कळत नाही.

ई२० चा हिशेब

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथे बराच गोंधळ आहे. इथेनॉलचा ऑक्टेन (नॉकिंग रोखण्याची क्षमता) पेट्रोलपेक्षा जास्त असतो आणि वाफ होताना ते जास्त उष्णता शोषतं. म्हणजे ई२० ने नॉकिंग कमी व्हायला हवं. तरी काही जुन्या गाड्यांना ते सुरू होतं, कारण मिश्रण लीन होतं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. ई२० ला हा आकडा सुमारे १३.५ येतो. जेट तेच, हवा तीच, म्हणजे शुद्ध पेट्रोलवर बसवलेला कार्बोरेटर ई२० वर ७ ते ८ टक्के लीन चालतो. नीट जुळवलेलं इंजिन एवढं सहन करतं. जेट थोडा बुजलेला किंवा पंप थकलेला असेल तर याच ७-८ टक्क्यांनी ते हद्दीबाहेर जातं. म्हणून आधी पुरवठा दुरुस्त करा, जेटचा विचार नंतर.

सगळं ठीक करूनही लीन राहिलं तर जेट बदलणं योग्य. जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असेल तर गणित सोपं आहे: प्रवाह भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून ८ टक्के जास्त पेट्रोलसाठी व्यास ४ टक्के वाढवायचा. १०० च्या जागी १०४, किंवा मिळेल तो जवळचा १०५. दोन-तीन पायऱ्या एकदम वर जाऊ नका. जुना जेट रिमरने मोठा करू नका, परत फिरण्याची वाट राहत नाही.

इथेनॉल टाकीत वर्षानुवर्षं साचलेला चिकटाही सोडवतं. जास्त इथेनॉलचं पेट्रोल सुरू झाल्यावर पहिल्या काही टाक्यांत फिल्टर लवकर भरतो. जुन्या रबरी नळ्यांचं आतलं अस्तरही सुटतं. नव्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्या. नळीवर एसएई जे३०आर९ असं छापलेलं असलं तर चालेल.

पावसाळाभर उभी राहिलेली गाडी काढली आणि नॉकिंग सुरू झालं, तर पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पंधरा मिनिटं ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी शिरून इथेनॉल त्याच्याबरोबर खाली बसलं आहे. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरलेला असतो आणि खालचा थर इंजिनात गेला तर गाडी बंद पडते. टाकी पूर्ण रिकामी करा. त्यावर नवीन पेट्रोल ओतून भागत नाही.

हवा घेणं

मनीफोल्डचं पॅकिंग, कार्बोरेटरखालचा जाड इन्सुलेटर, ब्रेक बूस्टर असेल तर त्याची नळी, व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा फाटका डायफ्राम: यांतून शिरणारी हवा आयडलिंगला सर्वांत जास्त त्रास देते. आयडलिंग वर-खाली होतं, गाडी बंद पडते, स्क्रू फिरवूनही इंजिन ऐकत नाही. पूर्ण थ्रॉटलला तेवढीच गळती नगण्य ठरते. त्यामुळे आयडलिंग घड्याळासारखं नियमित आणि नॉकिंग फक्त चढावर, असं असेल तर इथे वेळ घालवू नका. तपासायचंच असेल तर पाण्याचा बारीक फवारा सांध्यांवर मारा आणि आरपीएम बदलतो का ऐका. गरम एक्झॉस्टजवळ पेट्रोल किंवा क्लीनर फवारू नये.

पीयूसीच्या कागदावरही माहिती असते. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अर्ध्या टक्क्याच्या खाली आणि एचसी (न जळलेलं इंधन) चढलेलं असेल तर आयडलिंगला लीन मिसिंग आहे. पीयूसी काढताना स्क्रू आवळून सीओ खाली आणलेला असतो, तो नंतर परत सोडवून घ्या.

उष्णता आणि कार्बन

एअर क्लीनरच्या तोंडाशी उन्हाळी-हिवाळी अशी खिटी असते. हिवाळीवर असेल तर हवा एक्झॉस्टवरून गरम होऊन येते. महाराष्ट्रात ती वर्षभर उन्हाळीवरच ठेवा. रेडिएटर गाळाने भरलेला, पंख्याचा स्विच उशिरा लागणारा, थर्मोस्टॅट अडकलेला, यातलं काहीही नॉकिंग आणू शकतं.

हेड कधी तापून वाकलं असेल आणि फेस मारून सपाट केलं असेल तर कॉम्प्रेशन वाढलेलं असतं. या इंजिनात एका सिलिंडरच्या वर साधारण ३४.५ सीसी जागा उरते. अर्धा मिलिमीटर घासलं की त्यातले दीड सीसी तरी जातात आणि ८.७ चं कॉम्प्रेशन ९ च्या वर पोचतं. त्यावर कार्बनचा थर असला की आणखी वाढतं. इग्निशन बंद केल्यावरही इंजिन काही क्षण अडखळत फिरत राहत असेल तर कार्बन तापून लाल होतोय, असा अर्थ घ्या (आधी कार्बोरेटरचा आयडल सोलेनॉइड बंद होतोय का ते तपासा). कॉम्प्रेशन गेजवर तिन्ही सिलिंडर मोजा. एखादाच बाकीच्यांपेक्षा बराच जास्त दाखवत असेल तर त्यात कार्बन किंवा ऑइल आहे, आणि त्याच सिलिंडरचा प्लग ओलसर काळा असेल तर व्हॉल्व्ह सील गेले आहेत. जळणारं ऑइल ऑक्टेन खाली ओढतं. सील बदलून हेड साफ करणं हाच पक्का उपाय.

दुरुस्तीनंतर खात्री

नवे प्लग, गॅप ०.७ ते ०.८ मि.मी. त्याच चढावर पूर्ण थ्रॉटलला न्या, वर सपाटीला रिकाम्या जागी क्लच दाबून इंजिन बंद करा आणि गाडी थांबू द्या. स्टिअरिंग लॉक होईल इतकी चावी मागे फिरवू नका. प्लग काढून भिंगाखाली पोर्सेलिनच्या अगदी मुळाशी बघा: तिथे फिकट तपकिरी कडं हवं. आजच्या पेट्रोलवर वरचा भाग पांढुरकाच राहतो, त्यावरून घाबरू नये. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरीच्या पुडीसारखे काळे किंवा चमकदार ठिपके दिसले तर नॉकिंग अजून चालू आहे, कानाला ऐकू येत नसलं तरी. चमकदार ठिपके पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असू शकतात, मग गाडी लोडवर अजिबात चालवू नका.

चाचणी नेहमी त्याच चढावर आणि शक्यतो त्याच उंचीवर करा. महाबळेश्वरसारख्या सुमारे १३५० मीटरच्या ठिकाणी हवा विरळ असते, कार्बोरेटरचं मिश्रण आपोआप समृद्ध होतं आणि सिलिंडरमधला दाबही कमी राहतो, त्यामुळे वर पोचल्यावर आवाज थांबला तरी दुरुस्ती झाली असं धरू नका. परीक्षा घ्यायची ती दुपारच्या उन्हात, वाईकडून पसरणी घाटाचे पहिले चढ चढताना.